आबांच्या टेबलाचं बटण

शहाद्याजवळच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रिंटर एकच, आणि तो आबांच्या कॉम्प्युटरला जोडलेला. आबा आमचे हिशेबनीस, निवृत्तीला टेकलेले. दाखल्यांचं काम मात्र माझ्या कॉम्प्युटरवर. व्हायरस शिरल्यापासून पेनड्राइव्हने फाइल नेणं बंद झालं होतं, म्हणून एका सकाळी मी दोन्ही कॉम्प्युटर एका नेटवर्कवर घेतले, आबांकडून प्रिंटर शेअर करून घेतला आणि माझ्याकडे जोडला. चाचणीचं पान निघालं. ते फाइलला लावून मी पुढच्या कामाला लागले.

दुपारी धडगावकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन पाचच्या आत नंदुरबारला पोहोचली नाही, तर जागा जाणार होती. हाताने लिहिलेला दाखला तिथे चालत नव्हता. सही करायला प्राचार्य आत बसलेले. राहिलं होतं फक्त छापणं.

प्रिंटर ऑफलाइन, असं स्क्रीनवर आलं.

मी वायर काढून परत लावली. माझा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. राउटर तपासला. शेवटी घाईघाईत प्रिंटर काढून टाकला आणि नव्याने जोडायला घेतला, तर तो सापडेचना. मुलीचे वडील दाराशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते.

"मॅडम, तीनची गाडी भेटेल ना?"

"भेटेल," मी म्हणाले.

पाणी प्यायला उठले तेव्हा आबांच्या टेबलाकडे लक्ष गेलं. भिंतीवरचं बटण बंद होतं. आबा खुर्चीवरून उठले की बटण बंद करतात. वीज सारखी जायची त्या दिवसांत त्यांचं एक मशीन जळालं होतं, तेव्हापासूनची सवय. ते जेवायला घरी गेले होते. त्यांच्या कॉम्प्युटरमार्गे चालणारा प्रिंटर मी तासभर माझ्या कॉम्प्युटरमध्ये शोधत होते.

बटण दाबलं. पण प्रिंटर मी काढून टाकलेला. परत जोडायला गेले, तर स्क्रीन आबांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मागायला लागली. फोन लावला, तर तो त्यांच्याच ड्रॉवरमध्ये वाजला.

आबा सुपारी चघळत आले तेव्हा तीनची गाडी कधीच गेली होती.

"मी उठनू म्हणजे बटन बंद, ताई. तुले माहीत शे ना?"

"माहीत आहे, आबा. आधी पासवर्ड टाका."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पासवर्ड टाकला. दाखला निघाला, सही झाली, तोवर चार वाजून गेले होते. आबांनी स्वतःच मोटरसायकलची किल्ली घेतली आणि दोघांना मागे बसवून नंदुरबारला निघाले. मी बाकीची कामं समोर घेऊन बसले. त्यातलं एकही झालं नाही. आबांचा फोन अजून ड्रॉवरमध्येच होता.

दुसऱ्या दिवशी ते आल्या आल्या मी विचारलं.

"प्रवेशनी खिडकी बंद व्हई जायेल व्हती," ते म्हणाले. "जागा उरनी तं पुढली यादीमा नाव लागी, आसं सांगं त्यासनी."

"आणि पोरगी?"

"खिडकीजोडेच उभी ऱ्हायनी. बापनी मन्हाकडे पाणी मांगं."

दुपारी ते जेवायला उठले. सवयीने हात बटणाकडे गेला, तिथेच थांबला, मग खाली आला. ते गेल्यावर त्यांच्या प्रिंटरचा हिरवा दिवा जळत राहिला. त्या दुपारी छापायचं काहीच नव्हतं.