डोक्याला मार लागलेली आमची माणसं

नोकरी संपते, पण पेशंट काही डोक्यातून डिस्चार्ज घेत नाहीत! साठ सालाच्या आसपास मी पौडच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. ओंडके, बैल, घाटातले ट्रक... मुळशीत डोकी फुटायला कारणं कमी नव्हती. आमचे डॉक्टर सांगायचे, "मेंदू म्हणजे तहसील कचेरी. बोलण्याचं टेबल वेगळं, चालण्याचं वेगळं. कुठलं मोडलंय ते बघायचं!"

*

भरे गावचा एक पैलवान कडब्याच्या गंजीवरून पडला. मागे, लहान मेंदूला मार. चालताना झोकांड्या जायच्या. बायको कडाडली, "ढोसून आलाय!" डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं, तर बोट गेलं कानाशी!

गडी हटला नाही. रोज बांधावरून चालून चालून सरळ झाला. बायको ताठ मानेनं म्हणाली, "आता झोकांडी गेली, तर पिऊनच आलाय म्हनायचं!"

*

डोंगरवाडीच्या एका आजोबांना लकवा झाला आणि त्यांना डावीकडचं काही जाणवेना. ताटातली डावी बाजू तशीच राहायची. वर तक्रार, "सून अर्धीच भाकरी देती!"

डॉक्टरांनी सुनेला ताट फिरवायला शिकवलं. आजोबा सगळ्या वाडीला सांगत सुटले, "पोर लई गुणाची. मागायच्या आत दुसरी अर्धी वाढती!"

*

एका अबोल शेतकऱ्याच्या कपाळाला ओंडका लागला आणि त्याची भीडच गेली. मोठ्या साहेबांनाही तोंडावर सुनावायचा. भावानं मला हळूच विचारलं, "सिस्टर, समद्या गावालाच असं बोलतं करायचं, तर नेमकं कुटं मारावं लागंल?"

*

आणि आमच्या अनसाबाई! नवरा नाही, पदरात एक लेक, यमुना. लकव्यानं मेंदूचा डावा भाग गेला. कळायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "व्हय." पाणी हवं तरी व्हय, नको तरी व्हय.

एकदा त्यांचे केस विंचरताना मी जात्यावरची ओवी गुणगुणले. बाईंनी पुढची ओळ शब्द न चुकता म्हटली! डॉक्टर धावत आले. "सिस्टर, बोलणं गेलंय, गाणं राहिलंय!" मग मी त्याच चालीवर रोज एकेक शब्द घोटून घेतला. आधी पाणी, मग भाकर.

त्या घरी गेल्या. दिरानं परस्पर त्यांच्या यमुनेसाठी बापाच्या वयाचा बिजवर ठरवला. सुपारीच्या दिवशी यमुनेनं मला बोलावून घेतलं. चार माणसांसमोर दीर म्हणाला, "वयनी, पोरगी द्यायची न्हवं?" उत्तर त्याला ठाऊकच होतं.

अनसाबाईंनी लेकीचा हात धरला. ओठ हलले, शब्द फुटेना. यमुना रडायला लागली. मग बाईंनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात जात्याची चाल धरली,

"न्हाई गं बाई न्हाई, माझी यमुना द्यायाची न्हाई!"