बिअरच्या पाटीवरचा लहानू

लहानू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या स्टँडसमोर उभ्या उभ्या भजी खात होतो आणि शेजारच्या दोघांना, माझी एसटी एकदा दाभोशाच्या धबधब्यात जाऊन प्रवाशांसकट कशी परत वर आली, ते सांगत होतो. फोन विलासचा, लहानूच्या मुलाचा. "काका, बाबा गेला," तो म्हणाला. मी भज्यांचा कागद बाकावर ठेवला. मग त्यानं जे विचारलं, ते पुढचे बारा दिवस माझ्या मागे लागलं. "बाबाचा चांगला फोटो नाय, काका. आधार कार्डावर डोळे मिटलेत. बाराव्याला तो पाटीवरचाच मोठा करून लावतो. तुमच्यासमोरच काढलेला ना तो?"

मी म्हणालो, "हो." पस्तीस-चाळीस वर्षांची सवय... तोंडातून दुसरं काही निघेचना.

लहानू पोशेऱ्याचा. घरी भात-नागलीचा तुकडा, आणि पेरणी-कापणी सोडली तर जव्हारच्या एका हॉटेलात भांडी घासायचा. राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं तो कढई अशी घासायचा, की शेठ तिच्यात बघून भांग पाडायचा. मी मोखाड्याच्या गाडीवर कंडक्टर. लहानू माझ्या गाडीत कधी बसला नाही. गाडी रिकामी असली तरी दाराजवळचा दांडा उजव्या हातानं धरून उभा राहायचा. म्हणायचा, "दिवसभर बसूनच तर घासतो, आता उभा राहू दे." एकदा गोणपाटात गुंडाळलेलं पुरुषभर उंचीचं काहीतरी घेऊन चढला. मी विचारलं, "काय रे, कुणाचं दार पळवलंस?" "माझंच हाय." "मग तुझ्या घराला काय राहिलं?" "बायको हाय ना, जमना. बसंल दारात." गाडी हसली. लहानू मात्र पोशेऱ्यापर्यंत घामानं भिजलेला होता, आणि मी ते उकाड्यावर ढकललं.

आता पाटीचं सांगतो. हॉटेलाच्या दर्शनी भिंतीवर बिअरची पत्र्याची जाहिरात होती. मागे बर्फाचे डोंगर, पुढे पांढऱ्या शर्टातला मिशीवाला गृहस्थ, हातात फेसानं उतू जाणारा मग, आणि हसू असं, की या माणसाला जन्मात कुणी काही काम सांगितलेलं नाही. तेव्हा अशा जाहिराती कॅलेंडरवर, आरशावर, चहाच्या ट्रेवरही असायच्या. ताडी आणि मोहाच्या आमच्या मुलखात ती बर्फातली माणसं मग उंचावून उभी, आणि त्यांच्याखालून आमची माणसं बोचकी घेऊन कामाला भिवंडी-वसईला निघालेली. पुढे दारूच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा आला आणि तेच लोक तसंच हसून सोडा पिऊ लागले... आमचा गृहस्थ मात्र भिंतीवरच राहिला.

एका पावसाळ्याआधी पाटी आठेक दिवस भिंतीवर नव्हती. शेठ म्हणाला, गंज धरला होता, चौकट बसवायला दिलीय. ती परत लागली त्या दिवशी मी खाली चहा पीत होतो. सहज वर पाहिलं, मग आत कढईवर वाकलेल्या लहानूकडे पाहिलं, मग पुन्हा वर. डोळे तेच! मला तेवढं पुरे होतं. संध्याकाळची गाडी खोडाळ्याला पोचेपर्यंत गोष्ट तयार होती: कंपनीची मोटार आली, लहानूला मुंबईला नेलं, तीन दिवस नुसतं हसवलं, जबडा आखडला तेव्हा दोन डॉक्टर बोलावले, आणि बिअरचा मग धरून त्याचा हात दुखला की आळीपाळीनं तो धरायला मी होतोच. लहानूच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याच्या हातातलं पातेलं पडलं. "कंडक्टर, हळू बोल. शेठ ऐकंल." मला वाटलं, बिचारा लाजतोय. त्यानं आयुष्यात बिअरला हात लावला नाही. पण गोष्ट खोटी आहे असंही कधी म्हणाला नाही. विलास ती ऐकतच मोठा झाला. हॉटेल बंद पडल्यावर पाटी मागून घरी नेली ती त्यानंच.

बाराव्याला गेलो तो पाय ओढतच. अंगणात खुर्चीवर फोटो, त्याला झेंडूचा हार. स्टुडिओवाल्यानं हातातला मग आणि मागचा बर्फ पुसलेला. उचललेली मूठ तेवढी राहिलेली. लहानूची नातवंडं एकेक करून पाया पडत होती. कुण्या परमुलखातल्या बिअरवाल्याला ही पोरं जन्मभर आजोबा म्हणणार, आणि त्याला कारण मी. विलासला बाजूला घेतलं. म्हटलं, "हे बघ, त्या फोटोचं जरा..." तो म्हणाला, "शाळेत मला भांडीवाल्याचा पोर म्हणायचे, काका. मी विचारायचो, तुझा बाप कुठल्या पाटीवर हाय? गप व्हायचे. आज तुम्ही सगळ्यांसमोर सांगा ती गोष्ट." धबधब्यातून एसटी वर काढणारा मी, मला एक वाक्य वर काढता येईना.

शेवटी घरामागे गेलो. जमना वहिनी नागलीच्या भाकरी थापत होती. पोशेऱ्यात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौकाचं चित्र लिहायला आधी तिलाच बोलावणं जायचं, असा तिचा हात. मी एका दमात म्हणालो, "वहिनी, तो फोटोतला माणूस लहानू नाही. मी खोटं बोललो."

तिनं भाकरी उलटली. "अर्धा हाय," म्हणाली.

"अर्धा?"

"शेठनं पाटी पुसाया सांगितली. ह्यानं राख घेतली नि कढईवानी घासली. कंपनीवाल्याचं डोळं गेलं, मिशी गेली, एक कान गेला. शेठ कामावरून काढंल म्हणून त्याला गंजाचं नि चौकटीचं सांगितलं, नि गोणपाटात बांधून रातोरात... नाय, तुझ्याच गाडीनं आणली. म्हणाला, तू चौक लिहितेस, एवढं भर. मी चौकात माणसं लिहिते ती तिकोनी. खरं तोंड कधी लिहिलं होतं? ह्याला म्हटलं, बस समोर. हा बसला. दिसला तसा भरला. भ्यालेला होता, म्हणून हसवत हसवत लिहिला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"शेठ होता ना. शेठ गेला, तवर तुझी गोष्ट मोठी झाली. तो म्हणायचा, ऱ्हाऊ दे, कंडक्टरला वाईट वाटंल."

मी अंगणात परत आलो. फोटोजवळ वाकलो. डाव्या कानाच्या पाळीला खाच होती. लहानपणी झाडाच्या फांद्या तोडताना लहानूच्या कानाला लागलेला तो कोयता मला ठाऊक होता. पाटीखाली शेकडो चहा पिऊनही ती खाच मी कधी पाहिली नव्हती. विलासनं सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "काका, सांगा."

मी मुंबईची मोटार गाळली. डॉक्टर गाळले. म्हटलं, हा तुमचा बाप आहे, आणि हे मी खरं सांगतोय. माझ्या तोंडून एवढी आखूड गोष्ट कुणी ऐकली नव्हती, त्यामुळे सगळे पुढची वाट पाहत राहिले.

परवा पुन्हा गेलो होतो. फोटो आता दाराजवळच्या भिंतीवर आहे. हातातला मग पुसलेली ती उजवी मूठ छातीपाशी तशीच वर... लहानू गाडीच्या दाराशी दांडा धरून उभा असायचा, तशी. शेजारी रिकामी खुर्ची होती. मी त्याला बस म्हटलं नाही.