चित्रावहिनींचा पेपर आणि नानासाहेबांचे व्याही

चित्रावहिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या पोह्यांत मीठ कमी असतं, ही बातमी डोंबिवलीभर मीच पसरवली. त्यावर त्या मला म्हणाल्या होत्या, "भावजी, तुमच्या तोंडाला कुकरची रिंग बसवून घ्या. वाफ फार जाते."

आज जी वाफ जाणार आहे ती पोह्यांची नाही.

वहिनी कल्याणच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. कॉलेजचं नाव सांगत नाही, पुतणीला तिथेच अ‍ॅडमिशन हवीय. तिसऱ्या वर्षाला 'शहराचं पाणी' नावाचा एक पेपर होता. तो वहिनींनी स्वतः घडवला, विद्यापीठाकडून रीतसर मंजूर करून घेतला आणि वर्षानुवर्षं वाढवला. त्यांचे यजमान त्र्यंबकराव म्हणतात, "नीलच्या पाठीवर हिला पेपर झाला." आणि खरंच, नीलला ताप आला तर बाई क्रोसिन देऊन कॉलेजात जायच्या, पण पेपरात कोणी एक ओळ इकडची तिकडे केली की घरात स्वयंपाक बंद.

पेपरात प्रश्न दोनच. पाणी येतं कुठून आणि जातं कुठे. आंबिवलीपासून बाळकुमपर्यंत पोरांना उन्हातान्हात हिंडवून वहिनी हे दोन प्रश्न विचारायला लावत. पहिल्याचं उत्तर लोक खुर्ची देऊन सांगतात. दुसरा विचारला की त्यांना एकदम कामं आठवतात.

गेल्या हिवाळ्यात पोरं वागळे इस्टेटमध्ये गेली. तिथे धातूला मुलामा चढवायचा एक कारखाना आहे. पायल नावाच्या पोरीने मालकांना विचारलं, "काका, हे हिरवं पाणी जातं कुठे?"

काकांनी उलट विचारलं, "तू कुठल्या कॉलेजची गं?"

बिचारीने खरं सांगितलं. आता काका कोण? तर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांचे व्याही. नानासाहेबांची मुलगी त्या घरात दिलेली. आणि आपल्याकडे मुलीचा बाप म्हणजे काय, ते काय सांगायचं? बाहेर वाघ असतो, व्याह्यांसमोर त्याची शेळी होते. लग्नात वरपक्ष रुसला की अंगठी द्यायची, शालू द्यायचा, हात जोडायचे. इथे लग्न होऊन नातू शाळेत गेला तरी व्याही रुसले, आणि रुसवा काढायला नानासाहेबांनी काय दिलं? वहिनींचा पेपर!

माझ्या टाळूला आग लागते हो! अंगठी निदान स्वतःच्या खिशातून देतात.

पेपर बंद करायचा अधिकार नानासाहेबांना नाही. तो शिक्षकांच्या अभ्यास मंडळाला. म्हणून प्राचार्यांनी मंडळाची बैठक लावली. टेबलावर वडे, आणि वड्यांशेजारी एका कंपनीचा तयार कोर्स: 'स्मार्ट जलव्यवस्थापन'. स्लाइड कंपनीच्या, प्रश्न कंपनीचे, उत्तरंही कंपनीचीच. शिक्षकाने फक्त बटण दाबायचं.

वहिनी म्हणाल्या, "काय शिकवायचं ते या टेबलावर ठरतं. लग्नाच्या मांडवात नाही."

सगळ्यांनी वड्यांकडे पाहिलं. मग हात वर झाले. त्यांत ऋतिकाचाही होता. ही मुलगी वहिनींच्याच हाताखाली शिकली, आता तिथेच तासिकेवर शिकवते.

मी त्या संध्याकाळी वर जाऊन ऋतिकाच्या नावाने बोटं मोडली. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी कार्टी!"

वहिनी माझ्यावरच उखडल्या. "जूनमध्ये तिला परत घ्यायचं की नाही, हे नानासाहेब ठरवतात. तिने हात वर केला नाही, भावजी. तिचा हात वर केला गेला. तुमच्यात दम असेल तर ज्याने केला त्याच्यावर बोला."

मी चहा न घेता खाली आलो. बिस्किटं घेतली.

मग प्राचार्यांचा फोन आला. हा माणूस गोड बोलतो, श्रीखंडाने गळा कापतो. म्हणाले, "मॅडम, पेपर वाचवता येईल. मंडळ पुन्हा बोलावू. तुम्ही फक्त शाल-नारळ घेऊन नानासाहेबांच्या व्याह्यांकडे जा, चहा प्या, सॉरी म्हणा. ते दुखावलेत."

त्र्यंबकराव म्हणाले, "जा गं. एका नारळात पेपर परत येतोय."

मी म्हटलं, "नारळ माझ्याकडून. नासका बघून आणतो."

वहिनी हसल्या नाहीत. रात्रभर वर चपला फिरत होत्या. एवढ्या वर्षांचं काम एका सॉरीवर परत मिळत होतं. खरं सांगतो, मी असतो तर गेलो असतो, वर दोन पेढेही खाऊन आलो असतो.

सकाळी जिन्यात त्यांनी माझ्यादेखतच प्राचार्यांना फोन लावला. "सर, रुसवा मुलीकडच्यांनी काढायचा असतो. नानासाहेब मुलीकडचे आहेत. कॉलेज मुलीकडचं नाही, आणि मी तर मुळीच नाही. आज सॉरी म्हटलं, तर उद्या पोरांना प्रश्न विचारा कुठल्या तोंडाने सांगू?"

पेपर गेला. जूनमध्ये कंपनीच्या स्लाइड आल्या. पहिल्याच तासाला पडद्यावर निळंशार धरण, निळे नळ, हसरी आई. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आणि जातं कुठे?" स्लाइडवर उत्तर नव्हतं. वहिनींनी लॅपटॉप मिटला आणि फळ्यावर वागळे इस्टेटचा नकाशा काढला.

तासाच्या शेवटी शिपाई मेमो घेऊन दारात. 'ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमाबाहेर अध्यापन केल्याबद्दल खुलासा करावा.' अध्यापन केल्याबद्दल! शिक्षिकेने! अरे, मग काय पापड लाटायचे होते?

काल मी विचारलं, "वहिनी, खुलाशात काय लिहिताय?"

"नकाशा जोडतेय."

"आणि नोकरी?"

त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली. मीठ कमीच होतं. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "भावजी, ती कुकरची रिंग काढून ठेवा. यावेळी सगळ्यांना सांगा."

सांगितलं. व्याह्यांनाही कोणीतरी वाचून दाखवा. रुसले तर आमचा पत्ता द्या.