घर स्वतःचं की भाड्याचं

आमचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, लीजवर. बंगळुरात लीज म्हणजे मालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, आणि घर सोडताना ती रक्कम परत घ्यायची. ती मी साड्यांना फॉल लावून लावून जमवली. कागद माझ्या एकटीच्या नावावर.

एकटीच्या का, तेही सांगते. मुलाच्या वडिलांनी दुकानातल्या एका सोबत्याला चिटफंडात जामीन म्हणून सही दिली. सोबती पैसे उचलून गावाला गेला, तो गेलाच. मग आमच्या दारात माणसं यायला लागली. शिलाई मशीन नेलं, तांब्याचा हंडा नेला, शेवटी घर गेलं. पुढे हे वारले. मी मुलाला घेऊन या गल्लीत आले, तरी माणसं शोधत यायचीच. गल्लीनं सांभाळलं आम्हाला. बॅगवाला कोणी आला आणि नाव विचारलं, की इस्त्रीवाला म्हणायचा, "गोत्तिल्ला." माहीत नाही. नारळवालीही तेच म्हणायची.

मुलगा मोठा झाला, पीण्याला, कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला लागला, सुपरवायझर झाला. पंच्याण्णव सालाच्या पुढची गोष्ट असेल. एक दिवस फॉर्म घेऊन घरी आला. शिफ्ट सुटताना गेटवर बँकेचा एक टायवाला वाटत होता म्हणे.

"आई, क्रेडिट कार्ड. दुकानात दाखवायचं, सामान घ्यायचं. पैसे पुढच्या महिन्यात."

"आणि टायवाल्याला काय मिळतं?"

"कमिशन मिळतं."

"म्हणजे बकरं आणून दिल्यावर दलालाला मिळतं तसं."

तो हसला. "तू पण ना! पहिलं वर्ष फुकट आहे गं."

"सही कधी फुकट नसते बाबा."

सगळा फॉर्म मी वाचून दाखवायला लावला. पगार किती, घरात माणसं किती, फ्रिज आहे का. माझ्या घरात फ्रिज असो नाहीतर माठ, यांना कशाला? मग आलं, घर स्वतःचं, भाड्याचं की कंपनीचं. तीनच चौकोन. लीजला चौकोनच नव्हता.

"टायवाला म्हणतो, 'स्वतःचं'वर खूण कर. लिमिट जास्त मिळतं." लिमिट म्हणजे कुठवर उधार देतील ते.

"घर तुझं आहे?"

"तसं नाही आई..."

"मग लिहायचं कशाला?"

त्यानं फॉर्मची घडी घातली. "बरं, नको." एवढ्या लवकर तो कधी बरं म्हणत नाही.

तीन आठवड्यांनी, दुपारी, मी फॉल लावत बसले होते. दारात माणूस, काखेत बॅग. बँकेकडून पत्ता तपासायला आलोय म्हणाला. मुलाचं नाव घेऊन कानडीत विचारलं, इथेच राहतात का?

"कागद बघू," मी म्हटलं.

त्यानं लांबूनच दाखवला. इंग्रजी मला कुठलं येतं. पण खाली सही होती आणि सहीखाली दोन रेघा, बापासारख्या. वर तीन चौकोन. पहिल्यात खूण. पहिला कुठला ते मला पाठ होतं.

"घर त्यांचं स्वतःचं ना, अम्मा?"

"त्या नावाचं इथे कोणी राहत नाही."

तो इस्त्रीवाल्याकडे गेला. इस्त्रीवाल्यानं एकदा माझ्या दाराकडे पाहिलं. "गोत्तिल्ला." नारळवालीनं तर त्यालाच झापलं, "कुठल्या वसुलीचा रे तू?"

कार्ड आलं नाही. मुलगा संध्याकाळी घरी आला तो लालबुंद होऊन.

"टायवाला सगळ्यांसमोर म्हणाला, राहत नाहीस तिथला पत्ता देतोस? आई, कोण आलं होतं इथे?"

"आलं होतं एक. मीच सांगितलं, राहत नाही."

"पोटच्या पोराला ओळखलं नाहीस?"

"सही ओळखली ना. म्हणूनच."

आठ दिवस तो बाहेर जेवला. मी ताट झाकून ठेवत होते. लग्नसराई होती, साड्यांचा ढीग पडला होता. काम थांबवून चालणार नव्हतं.

नवव्या दिवशी त्यानं नवा फॉर्म पुढ्यात ठेवला. "चौकोनात काही केलं नाही. बाजूला लिहिलंय, आईचं घर, लीजवर. बघ."

मी बघितलं. तो कामावर गेल्यावर इस्त्रीवाल्याच्या सुनेकडून परत वाचून घेतलं. ती बारावी झालेली. तेच लिहिलेलं होतं. मग गल्लीत सांगून आले, यावेळी कोणी आलं तर खरं सांगा.

"नक्की ना, अक्का?" इस्त्रीवाला म्हणाला. "मागाहून मला बोल लावायचा नाही."

दुसराच माणूस आला. त्याला बसवलं, ताक दिलं. मग विचारलं, "यानं पैसे भरले नाहीत तर घराचं काय?"

"घर तुमच्या नावावर ना, अम्मा? मग घराशी आमचा संबंध नाही."

"तसं लिहा."

"तसं लिहायला इथे जागा नाही."

"मागे कोरं आहे की. लिहा, घर आईचं, पैसा आईचा, मुलाचा काही हक्क नाही."

त्यानं कागद उलटला. "त्यानं लिमिट कमी होईल हो त्यांचं."

"होऊ दे."

लिहिलं त्यानं. कानडीत वाचूनही दाखवलं. खरंच तेच लिहिलं की आणखी काही, देव जाणे.

कार्ड आलं. बरोबरच्या सुपरवायझरांना वीस-वीस हजारांचं लिमिट, याला सात. पगार तर सारखाच. त्यानं तीनदा फोन करून विचारलं, का म्हणून? त्यांनी कारण सांगितलं नाही.

"आई, माझ्यातच काय कमी आहे गं?"

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हटलं आणि त्याला भात वाढला.

अजून सांगितलेलं नाही. तो कुठे उधळत नव्हता, वेळेवर भरत होता. तरी दर महिन्याला बिलाचं पाकीट यायचं, ते त्याच्या हातात द्यायच्या आधी मी चाचपून बघायची, मागच्या वेळेपेक्षा जाड तर नाही ना.