बर्फातून उचललेले कॅन

व्हर्ना लिंडक्विस्ट अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका शाळेत स्वयंपाक करायची आणि दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन कधी फेकू द्यायची नाही. दर जानेवारीत ती ते मधोमध कापून त्यांत माती भरायची, फुलांचं बी पेरायची आणि चिकटपट्टी लावून अंगणातल्या बर्फात ठेवायची. थंडी मुरली की बी वसंतात आपणहून उगवायचं.

यंदा पॉपीच्या फुलांचं बी तिने जुन्या रस्त्याकडेच्या ताटव्यातून गोळा केलं होतं. रस्ता रुंद झाला, ताटवा गेला. उरलं होतं ते एवढंच बी.

आठवडाभर बहिणीकडे राहून ती परतली, तर अंगणात एकही कॅन नाही. मुलाने, कर्टिसने, सगळे उबदार गॅरेजमध्ये नेले होते. पॉपी उगवली होती, पण दोऱ्यासारखी पांढरट, माना टाकलेली.

"आई, बाहेर उणे तीस होतं. मला दया आली गं."

"दया? अरे, चाळीस वर्षांचा घोडा झालास, लहानपणापासून हे बघतोयस! थंडीच हवी असते त्यांना!"

न उगवलेलं बी तरी वाचावं म्हणून तिने कॅन पुन्हा बाहेर नेले. बाकीच्या कॅनमध्ये लुपिनच्या फुलांचं बी होतं; ते गॅरेजमध्ये उगवलंच नव्हतं, म्हणून मे महिन्यात लुपिन भरभरून आले. पॉपीच्या नऊ कॅनमध्ये नुसती माती होती.

"लुपिन तरी आले ना?" कर्टिस चाचरत म्हणाला.

"लुपिनचं बी दुकानात मिळतं," व्हर्ना कडाडली. "पॉपीचं कुठून आणू, सांग!"

तरीही तिने नऊपैकी एकही कॅन रिकामा केला नाही.