उन्हाला घातलेली सून

ऊन ही मिळण्या-न मिळण्याची गोष्ट असते, हे महाबळेश्वरात नांदायला जाईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. सांगलीत आमचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. वडील एका हळदीच्या अडत्याकडे कामाला. मार्चपासून पुढे आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. सांडगे, कुरडया, मिरच्या, वर्षाचे गहू, आणि या सगळ्याच्या राखणीला कावळे हाकलत बसलेली मी. तेव्हा उन्हाला आम्ही मनसोक्त शिव्या घालायचो. ज्याच्या घरी रोज पुरणपोळी, त्यालाच ती नको होते, तशातली गत.

लग्न मे महिन्यात झालं. मुलगा टॅक्सी चालवणारा, स्वतःची गाडी, घर बाजारापासून जरा लांब एका वाडीत. सांगलीच्या रखरखाटातून वर गेलेल्या वऱ्हाडाला तिथली गार हवा लागली आणि सगळ्या बायका मला चिमटे काढायला लागल्या. "नशीब काढलंस गं, जन्मभर पंख्याची गरज नाही!" पंख्याची गरज खरंच पडली नाही. पण बाकी काय काय पडणार आहे, ते कुणी सांगितलं नव्हतं.

जूनच्या तोंडाशी घराला कोळंब बांधला. कोळंब म्हणजे उंच वाढणारं गवत. ते वाळवून त्याच्या जाड ताट्या करायच्या आणि घराला बाहेरून चारी बाजूंनी गुंडाळायच्या, नाहीतर तिथला पाऊस भिंती खातो. भिंतींबरोबर खिडक्याही गुंडाळल्या. मी नवऱ्याला विचारलं, "मग खिडकी कधी उघडायची?"

"दसऱ्याला," हे म्हणाले. मला वाटलं, चेष्टा करताहेत.

चेष्टा नव्हती. सकाळी उठल्यापासून दिवा लावायचा. मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची, कपडे शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायचे. पदराला, उशीला, तान्ह्या पोरांच्या टोपड्यांनासुद्धा धुराचा वास. दार उघडलं की बाहेर पांढरं, आणि तेच पांढरं हळूहळू आत येऊन भांड्यांच्या फळीपाशी उभं राहायचं. मी दुपारी झोपायचे, संध्याकाळी झोपायचे, उठले की रडायचे. भाजी करपली म्हणून रडले आणि करपली नाही त्या दिवशीही रडले. काय होतंय असं कुणी विचारलं तर सांगता येत नव्हतं. दुखत तर काहीच नव्हतं.

राग यायचा तो बाकीच्यांचा. वाडीतले सगळे मजेत! पर्यटक नाहीत, गाड्या ताडपत्रीखाली, पुरुषांचे पत्त्यांचे डाव, बायकांच्या गोधड्यांना टाके. आणि सगळ्यांत मजेत आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. चहाचा कप घेऊन उंबऱ्याजवळ पाटावर बसायच्या आणि समोरच्या पांढऱ्याकडे बघत राहायच्या.

"काय बघता एवढं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"ढग."

"त्यात काय आहे बघायला?"

"काय न्हाई, त्येच बगायचं," म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

जुलैत माझं डोकं फिरलं. घरी कुणी नसताना मी विळा घेतला, खिडकीची एक काच सरकवली आणि बाहेरच्या कोळंबाला ताटाएवढं भोक पाडलं. पातळ ताकासारखा उजेड आत आला. ऊन नव्हतंच ते, पण मी दुपारभर त्या उजेडात बसून राहिले. काच परत लावायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी लावली नसती. संध्याकाळी वारा फिरला. त्या खिडकीखाली घरातल्या सगळ्या गोधड्यांची चवड होती. सकाळपर्यंत एकेक गोधडी पिळून काढावी इतकी भिजली.

आत्याबाईंनी आधी भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्ये भोक सांगलीकडचं दिसतंय," म्हणाल्या. आणि लेकाला सांगितलं, "ताडपत्री काढ. यंदा ऊन खायला लवकर जावं लागतंय."

ऊन खायला जाणं ही तिकडची रीत. पावसाळ्यात एकदा तरी अंथरूण-पांघरूण गाडीत भरून घाट उतरायचा, वाईच्या आसपास जिथे ऊन सापडेल तिथे ते पसरायचं, आपणही पसरायचं आणि संध्याकाळी वर यायचं. मी गोधड्या भरल्या आणि त्यांच्या तळाशी माझी कपड्यांची पिशवी ठेवली. वाईला काहीतरी निमित्त काढून एसटी पकडायची, सांगली गाठायची आणि परत यायचं नाही, असं माझं ठरलं होतं. नवऱ्यावर राग नव्हता. माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसाबरोबर अंधारात किती दिवस राहणार?

वाईला रस्ते कोरडे होते, पण ऊन नव्हतं, म्हणून गाडी थांबलीच नाही. साताऱ्यात एक झिमझिम सर आली. कोरेगाव गेलं. झाडं विरळ झाली, माळ दिसायला लागले, आणि पुसेगावच्या अलीकडे गाडी एका वळणावर आली तशी एकदम उन्हात शिरली. गाडी थांबायच्या आतच मी दार उघडायला लागले. चपला काढून त्या तापलेल्या मुरमावर उभी राहिले. पाय भाजत होते आणि मी हसत होते.

आम्ही तिघांनी माळावर गोधड्या पसरल्या. हे वळणावरच्या हॉटेलात चहा-वडे आणायला गेले. शेवटची गोधडी उचलली तशी पिशवी आत्याबाईंच्या हाती लागली. त्यांनी ती नुसती तोलून बघितली. एका दिवसासाठी कुणी सगळ्या साड्या घेऊन निघत नाही, हे कळायला पिशवी उघडावी लागत नाही.

"चार दिसासाठी, का कायमची?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आत्याबाई. माझा जीव रमत नाही तिथं. कोंडल्यासारखं होतं."

मला वाटलं, आता शिव्या बसतील. त्या बाभळीच्या सावलीत जाऊन बसल्या, पदर कपाळावर ओढला, आणि समोरच्या उघड्याबोडक्या डोंगराकडे बोट केलं. "त्येच्या पल्याड माजं माह्यार."

इतक्या दिवसांत मी ते कधी विचारलंही नव्हतं.

"आमच्यात ऊनच ऊन बघ. हिरीचा तळ दिसायचा. आय सकाळी उठली की आभाळाकडं बगून शिवी द्यायची. लगीन हून वर गेले, तवा लोकं म्हनली, नवी सून पावसात आजारी पडंल. मी आंगनात हुबी ऱ्हाऊन ढग तोंडावर घ्यायची. वाटायचं, हितं आभाळ डोळं वटारून बगत न्हाई माज्याकडं." मग माझ्याकडे वळल्या. "तुला ज्येचा तरास, त्येच माजं सुख. त्यात तुजी चूक न्हाई आन माजी बी न्हाई. आभाळ काय सगळ्यास्नी सारकं मानवतंय व्हय?"

हे चहा घेऊन आले. त्या म्हणाल्या, "हिला सांगलीच्या गाडीत बशीव."

"का? काय झालं?"

"गोधड्या एका दिसात वाळत्यात. मानसाला येळ लागतोय. ही लय भिजलीया. ऱ्हाऊ दे उन्हाला."

हे हसले, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. विट्यावरून सांगलीला जाणारी एसटी आली. आत्याबाईंनी पिशवी स्वतःच्या हाताने वर दिली.

सांगलीत मी आठवडाभर गच्चीवरून खाली उतरले नाही. आईला आनंद झाला आणि काळजीही वाटली. "परत ये" असं मात्र वरून कुणी म्हणालं नाही. फक्त संध्याकाळी आत्याबाईंचा फोन यायचा. "वाळलीस का गं?" मी म्हणायचे, "अजून दमट आहे." असं पुष्कळ दिवस चाललं. गौरी-गणपती जवळ आले आणि एका संध्याकाळी त्यांच्या फोनची वाट न बघता मीच फोन केला. म्हटलं, "वाळले."

तेव्हापासून दर श्रावणात मी उन्हाला जायचे. वाडीत सगळे चिडवायचे, "सून वाळत घातली काय?" आणि आत्याबाई ठसक्यात म्हणायच्या, "व्हय, घातली. तुमची कुजवा घरात!" परत आले की मला ढगाचा तेवढा जाच वाटत नसे. हळूहळू मीही पाट घेऊन त्यांच्या शेजारी बसायला लागले. काय बघतोय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्या बसण्याची गोडी लागली. आता कोळंब फारसा कुणी बांधत नाही, प्लास्टिकचे कागद आले. भर पावसातही पर्यटक धुक्यात फोटो काढायला येतात, गाडी बारा महिने धावते, आणि वाडीतले पत्त्यांचे डाव मोडले. पैसा आला, तक्रार नाही. पण ती सगळ्या गावाला मिळून पडलेली लांबलचक दुपार गेली, आणि मला तिची फार आठवण येते. जिला मी कोंडवाडा म्हणायचे, तिचीच.

मग एका वर्षी आत्याबाईंची छाती दम धरेनाशी झाली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्यात यांना वर ठेवू नका, कोरडी हवा आणि ऊन पाहिजे. माझ्या भावाने लगेच सांगलीच्या घरातली खोली दिली, दिवसभर ऊन येणारी. सगळ्यात जास्त खूश मी. चला, आता दोघी मिळून गच्चीवर बसू! त्या कशालाच नाही म्हणाल्या नाहीत. औषधाला नाही म्हणाल्या नाहीत, सांगलीलाही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. त्यांनी विचारलं, "सांगलीत आभाळ खाली येतंय का गं?"

"नाही, आत्याबाई."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

"बरं," म्हणाल्या. आणि डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवलं.

मी तेलाची वाटी तशीच ठेवून बाहेर गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "त्या कुठंही जाणार नाहीत."

भांडण झालं. भाऊ फोनवरून ओरडला, हे समोरून. "तूच म्हणतेस हे? तू? डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतंय?"

"छातीचं त्यांना कळतं. छातीच्या आत काय आहे ते मला कळतं," मी म्हणाले. डॉक्टरांकडे परत गेले. त्यांनी नाइलाजाने सांगितलं तसं केलं. खोलीत धूर नाही, ओल नाही, औषध वेळेवर. त्या श्रावणात मी सांगलीला गेले नाही. आत्याबाई दोन-तीनदा म्हणाल्या, "जा गं, तुजं ऊन चुकतंय." मी म्हटलं, "चुकू दे."

श्रावण सरता सरता त्या गेल्या. दुपारी, दार उघडं असताना, पाटाऐवजी खाटेवरून समोरचं पांढरं बघत. डॉक्टरांचं ऐकलं असतं तर कदाचित आणखी जगल्या असत्या, हे मला माहीत आहे. ते ओझं माझं आहे आणि मी ते उचलते.

दिवसकार्याला सांगलीची माणसं आली. छत्र्या झटकत आत शिरली, अंधाऱ्या घराकडे बघून हळहळली. माझी मावशी माझा हात धरून म्हणाली, "बिचारीला शेवटी दोन दिवस ऊन तरी मिळायला हवं होतं गं."

"त्यांना नको होतं," मी म्हणाले. पुढचंही सांगायचं होतं, पण मी त्यांच्या ओल्या छत्र्या कोपऱ्यात उभ्या करायला उठले. सांगायचं होतं की त्या बाईने उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. एकदाच मागणार होती, तेही मागू शकली नाही. आणि मला ते ऐकू आलं.