मुंजाबाचा हातब्रेक

करमाडच्या काकासाहेबांच्या पिकअपला हातब्रेक होता, पण तो ओढला काय, न ओढला काय, गाडीला त्याचं काही वाटत नसे. दुरुस्तीचं नाव काढलं की काकासाहेब म्हणत, "मुंज्याचा हातब्रेक लुगडं नेसतो. त्याला कशाला मेकॅनिक?" आणि मंडळी हसत.

लुगडं नेसणारा हातब्रेक म्हणजे मुंजाबाची बायको, पुतळाबाई. मुंजाबा त्या पिकअपचा ड्रायव्हर. चढावर गाडी थांबली की पुतळाबाई मागच्या हौद्यातून उडी मारायची, काळा दगड उचलून चाकाला मागून लावायची आणि तो पक्का बसेपर्यंत तळहातानं दाबून धरायची. मग म्हणायची, "लागला." तो शब्द ऐकला की मुंजाबा ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलेटरवर ठेवायचा. गाडी पुढं निघाली की ही दगड घेऊन मागं पळायची आणि चालत्या गाडीत चढायची. मुंजाबा आरशात बघत नसे. तिचा शब्द आला म्हणजे आला.

मुंजाबाच्या बापानं, सोनाजीनं, जन्मभर मेंढरं राखली. पुढं कळप मोडला आणि मुंजाबा काकासाहेबांच्या गोठ्यात शेणाला लागला. गाडी धुता धुता चालवायला शिकला. स्टेरिंग हातात आलं त्या दिवशी पुतळाबाईनं त्याला बजावलं होतं, "आता काय बी होवो, हे सोडायचं नाय. गोठ्यात परत जायचं नाय."

काकासाहेब देवदर्शनाच्या सहली काढत. पुढं बस, मागं पिकअप. पिकअपमध्ये गॅसच्या टाक्या, पातेली, कणकेची पोती आणि पोळ्या लाटायला पुतळाबाई. शहरातल्या क्रांती चौकातून बस हलली की घरी येईपर्यंत परक्या हातचं खायचं नाही, याचा मंडळींना मोठा अभिमान.

त्या जानेवारीत वैष्णोदेवी झाली आणि मंडळींनी हट्ट धरला, एवढं लांब आलोय तर बर्फ बघायचा. मनालीच्या वर एका वळणाशी बस अडली. पुढं अरुंद चढ होता. तिथले जीपवाले टायरांना साखळ्या बांधून माणसं वर नेत होते.

"परक्याची गाडी कामून?" काकासाहेब म्हणाले. "आपली पिकअप हाय की. टाक्या-पातेली उतरवा."

एक जीपवाला जवळ आला. "बिना चेन के मत जाना, भाईसाब. नीचे शीशा है."

"साखळ्या आम्ही जनावराला बांधतो, गाडीला नाय."

मुंजाबा खाली उतरला. रस्त्यावर बूट घासून बघितला. बूट सर्रकन पुढं गेला.

"मालक, इथं पाय ठरंना. चाक कसं ठरंल?"

"भ्यायलास का?"

"व्हय."

एवढं सरळ उत्तर कुणाला अपेक्षित नव्हतं. मंडळी पोट धरून हसली. द्वारकाबाई, म्हणजे मालकीणबाई, कानटोपी सारखी करत म्हणाल्या, "अवो, मेंढरांची सवय त्याला. आपण काय मेंढरांवानी बिथरून पळणार हाव का?"

"दे किल्ली," काकासाहेबांनी हात पुढं केला. "बसवरचा ड्रायव्हर सांडू चालवंल. तू गावाकडं जा. गोठ्यात तुझी जागा रिकामीच हाय."

मुंजाबानं बायकोकडं बघितलं. ती पातेलं उतरवत होती. तिनं पदराला हात पुसले आणि हौद्यात चढली.

"बसा की मग," ती म्हणाली. "उन्हं उतरल्यावर जायचं का?"

रिकाम्या गाडीचं मागचं चाक नुसतं गरगरत होतं, म्हणून वजनाला आठ-दहा मंडळी मागं भरली. काकासाहेब आणि द्वारकाबाई पुढं बसले. मुंजाबानं पहिला गिअर टाकला. करमाडचा चिखल त्याला माहीत होता. चिखलात चाक बुडतं आणि बुडालं की निदान थांबतं. इथं चाकाला धरायला काहीच नव्हतं. स्टेरिंग डावीकडं वळवावं आणि गाडीनं सावकाश विचार करून सरळच जावं, असं चाललं होतं. मागं मंडळी एकमेकांना बर्फाचे गोळे मारत होती.

अर्ध्या चढावर गाडी थांबली. क्षणभर तशीच उभी राहिली. मग मागं यायला लागली.

मुंजाबानं ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही.

"मालक, घसरू राहिली."

"अरे, जोरात दाब."

तो ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. एका खड्ड्यापाशी गाडी कशीबशी अडखळली. काकासाहेबांनी खिडकीतून मान काढली. "पुतळे, दगड लाव."

"उतर गं, लवकर उतर," मागची मंडळीही म्हणायला लागली. उतरलं कुणीच नाही.

पुतळाबाई चपला घालून बर्फावर उतरली. दोनदा पडली, उठली. गुडघे टेकून तिनं दगड चाकाला सारला आणि वर तळहात ठेवला. दगड बसल्यासारखा वाटला.

"लागला," ती म्हणाली.

मुंजाबानं ब्रेकवरचा पाय काढला.

आपल्या घाटात दगड जमिनीला धरतो. तिथं जमीनच नव्हती. गाडीनं दगडाला पुढं घालून ढकलायला सुरुवात केली. दगड हलतोय म्हणून पुतळाबाईनं तो आणखी जोरात दाबला, जसा ती नेहमी दाबायची. चाक दगडावर चढलं, दगडावरून हातावर आलं.

"अवं," ती म्हणाली. एवढंच.

गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतून थांबली. मंडळींना खरचटलंही नव्हतं. कुणीतरी हात बांधायला द्वारकाबाईंची शाल मागितली.

"ही नवी हाय," त्या म्हणाल्या. "कणकेचं पोतं असंल बघा."

कणकेच्या पोत्यात हात गुंडाळून त्याच जीपवाल्यानं तिला खाली दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेब दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. "मुंज्या, मंडळी सकाळपासून चहावर हायत. अमृतसर गाठायचंय. पिकअप अजून वरच हाय, आणि सांडू बर्फात हात लावायला नाय म्हणतो."

"मी हिच्यापाशी थांबतो, मालक."

"थांब की. कायमचा थांब." त्यांनी परत हात पुढं केला. "किल्ली ठेव तेवढी."

पुतळाबाईचे डोळे अर्धे मिटलेले होते. "जा," ती म्हणाली.

"पुतळे, इथं तुझी बोली कुणाला समजंल?"

"जा म्हणते ना." तिनं पट्ट्यांचा गुंडाळा जरासा उचलला. "नायतर हा कशापायी गेला?"

मुंजाबा गेला. जीपवाल्यानं आपल्या साखळ्या त्याच्या टायरांना बांधून दिल्या आणि शेजारी बसून सांगत राहिला. ब्रेक भूल जाओ. पहला गिअर. इंजन को रोकने दो. गाडी मुंगीसारखी खाली आली, एकदाही घसरली नाही. वळणाशी उभ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"बघा," काकासाहेब म्हणाले, "शिकला की गडी."

पोळ्या द्वारकाबाईंनी लाटल्या. त्या जाड झाल्या, तेव्हा मंडळींना पुतळाबाईची खरी आठवण आली.

अमृतसर, हरिद्वार करून सहल घरी पोचली. तिथून मुंजाबा एकटा तिला आणायला गेला. तोवर तिनं खुणांनी पाणी मागायला शिकून घेतलं होतं.

जानेवारीची सहल आता दर साली निघते. बर्फाचा चढ आला की काकासाहेब सांगतात, "निवांत बसा, आपला ड्रायव्हर बर्फात तयार झालेला हाय." मुंजाबा पहिला गिअर टाकतो. पोळ्यांना दगडाबाई नावाची दुसरी बाई असते.

गेल्या साली त्यानं विचारलं होतं, पुतळाला नुसतं देवदर्शनाला घेऊ का, मागं बसंल गुमान.

"नको रे बाबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिच्याकडं बघून मंडळींना घास जात नाय."